विश्लेषण : चाकणची ‘जीटी’ घ्यावी, पण ‘रीमॅप’ करावी का?

पुणे-नाशिक महामार्गावर मोशी ते चाकण या पट्ट्यात संध्याकाळी शिफ्ट सुटली, की कंटेनर आणि कंपन्यांच्या बसगाड्यांमधून एखादी लाल किंवा पिवळी सेडान फटफट आवाज करत पुढे सटकताना दिसते. मागे ‘जीटी’ची पाटी, चाके मोठी, सायलेन्सर बदललेला आणि नंबर बहुधा एमएच-१४. वाहन उद्योगात काम करणाऱ्या तरुण अभियंत्यांना वेगवान गाडीचे वेड असणे नवल नाही. ज्या हातांनी दिवसभर इंजिनांची मापे घेतली, त्यांना स्वत:च्या गाडीचे इंजिन कंपनीने ठरवले तेवढ्यावरच का थांबावे, असे वाटणारच. पण गाडीची ताकद वाढवण्याचा खर्च ट्यूनरच्या बिलावर संपत नाही. तो गिअरबॉक्स, विमा आणि आरसी बुकापर्यंत जातो.

या पट्ट्यात वेगवान गाड्या बनतात तरी कोणत्या?

बऱ्याच. फोक्सवॅगनच्या चाकण प्रकल्पाचे उद्घाटन मार्च २००९ मध्ये झाले. त्याच वर्षाअखेरीस तेथे पोलोचे उत्पादन सुरू झाले. एप्रिल २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआयने मराठी मध्यमवर्गाला टर्बो पेट्रोल आणि दोन क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स या दोन्ही गोष्टी आठ लाखांच्या आत दाखवल्या. १.२ लिटरचे इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क. आज हे आकडे साधे वाटतात, पण तेव्हा त्या किमतीत दुसरे काही नव्हते. २०२२ मध्ये पोलो थांबली आणि त्याच वर्षी चाकणमधून व्हर्टस जीटी आली. तिचे १.५ लिटरचे इंजिन १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर देते. स्कोडा स्लाव्हियातही तेच इंजिन, तोच कारखाना.

टाटांनीही हौस केली. कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हजबरोबर भागीदारी करून २०१८ मध्ये टियागो आणि टिगोरच्या ‘जेटीपी’ आवृत्त्या काढल्या. बीएस-६ निकष आल्यावर त्या बंद पडल्या, पण सात लाखांच्या आत इतकी मजा देणारी गाडी पुन्हा आली नाही, असे त्या चालवणारे आजही सांगतात. पुढे जून २०२४ मध्ये आलेली १२० पीएसची अल्ट्रोझ रेसर हा त्याच वळणाचा दुसरा प्रयत्न. अल्ट्रोझ पिंपरीचीच. वरच्या टोकाला मर्सिडीजचा चाकण प्रकल्प आहे. तेथे २०२० पासून एएमजी गाड्यांची जुळणी सुरू झाली आणि २०२१ मध्ये ३०६ पीएसची ए ३५ बाहेर पडली.

थेट आयात केलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. २०१६ ची पोलो जीटीआय भारतासाठी फक्त ९९ होत्या. २०२० ची ऑक्टाव्हिया आरएस २४५ होती २००. मे २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय ५३ लाखांना आली. नोकरदाराच्या आवाक्यात उरते ती चाकण-पिंपरीची गाडी, आणि तिची ताकद कमी वाटली की सुचतो तो रीमॅप.

‘रीमॅप’ म्हणजे नेमके काय करतात?

टर्बो इंजिनात हवा किती दाबाने भरायची, पेट्रोल किती फवारायचे आणि ठिणगी नेमकी केव्हा टाकायची, हे ईसीयू नावाचा संगणक ठरवतो. कंपनी हे आकडे हात राखून भरते, कारण तीच गाडी नागपूरच्या मे महिन्यात, महाबळेश्वरच्या चढावर आणि भेसळीच्या पेट्रोलवरही चालली पाहिजे. ट्यूनर ही राखीव जागा वापरतो. इतर कोणताही भाग न बदलता केवळ आकडे बदलणे म्हणजे ‘स्टेज-१’. लहान टर्बो इंजिनांत त्याने ताकद वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढते, असा दावा केला जातो. ‘स्टेज-२’मध्ये सायलेन्सरचा पुढचा पाइप आणि अनेकदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढतात. तेथून प्रकरण वेगळ्या वळणावर जाते.

पहिला धोका इंधनाचा. युरोपात बेतलेल्या अनेक फायली ९८ ऑक्टेनचे पेट्रोल गृहीत धरतात. आपल्याकडे वर्षानुवर्षे पंपावर ९१ मिळत होते. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे एक्सपी-१०० पुण्यासह काही मोजक्या शहरांत आणले. म्हणजे पुण्यात भरून निघालेल्या गाडीत नाशिकला जाताना नारायणगावच्या पंपावर साधे पेट्रोल पडले, तर फाइल तीच, इंधन वेगळे. इंजिनमधला नॉक सेन्सर अशा वेळी ठिणगी मागे ओढून सांभाळून घेतो. पण कमी आरपीएमवर टॉप गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यावर थेट फवारणीच्या टर्बो इंजिनात ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार घडतो, तो इतका झटपट की सेन्सरला कळेपर्यंत पिस्टनवर घाव बसलेला असतो. चढाला गिअर न पाडता गाडी ओढण्याची सवय असेल, तर रीमॅप केलेल्या गाडीत ती आधी सोडावी लागते.

गिअरबॉक्सची मर्यादा का महत्त्वाची?

खरी गोम इथे आहे, आणि गाडी निवडतानाच ती ध्यानात घ्यायला हवी. पोलो जीटी टीएसआयमध्ये आणि व्हर्टस जीटीच्या ऑटोमॅटिकमध्ये सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी आहे. त्याचे कारखान्यातले नाव डीक्यू२००, आणि तो कमाल २५० न्यूटन मीटर टॉर्कसाठी बेतलेला आहे. जुन्या पोलोचे इंजिन १७५ देत होते. म्हणजे ७५ ची सवड होती आणि रीमॅप केल्यावरही गिअरबॉक्स आपल्या हद्दीत राहत असे. म्हणूनच त्या गाडीच्या रीमॅपची एवढी कीर्ती झाली.

व्हर्टस जीटीचे १.५ इंजिन कारखान्यातून निघतानाच २५० न्यूटन मीटर देते. सवड शून्य. वरचा प्रत्येक न्यूटन मीटर क्लचच्या मर्यादेबाहेर. पोलोच्या अनुभवावरून कुणी ‘या गिअरबॉक्सला काही होत नाही’ असे सांगितले, तर त्याला हा फरक विचारावा.

त्यात आपला रस्ता. कोरडा क्लच तेलात बुडालेला नसतो, त्यामुळे गाडी इंच-इंच सरकवताना तो घासून तापतो. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात अर्धा तास सरकणाऱ्या गाडीचा क्लच मोकळ्या एक्स्प्रेस-वेवरच्या गाडीपेक्षा जास्त झिजतो. त्यात वाढवलेला टॉर्क आला, की बिल लवकर येते. (एवढ्यासाठी तरी गर्दीत ब्रेक हलका सोडून सरकत राहण्यापेक्षा पुढे गाडीभर जागा होऊ द्यावी आणि मग एकदाच पुढे जावे. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.)

रीमॅप करायचाच, असा ज्याचा निश्चय आहे त्याच्यासाठी १.५ ची सहा गिअरची मॅन्युअल ही जास्त शहाणी निवड. तिथे आधी क्लच घसरतो आणि तो बदलणे डीएसजीपेक्षा पुष्कळ स्वस्त. १.० लिटरच्या ऑटोमॅटिकमध्ये डीएसजी नसून टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरचा बॉक्स आहे. तो डीएसजीइतका चपळ नाही, पण रोजच्या चाकणवारीला अधिक सोशिक.

मग पैसे आधी कशावर घालावेत?

टायरवर. या उत्तराने कुणालाच आनंद होत नाही. इंजिनाची ताकद, ब्रेक आणि स्टिअरिंग, सगळे शेवटी तळहाताएवढ्या चार पट्ट्यांतून रस्त्यावर उतरते. चांगल्या टायरचा सेट साधारण रीमॅपच्याच खर्चात येतो, आणि पावसात मोशीच्या उतारावर जाणवतो तो टायरच.

मोठी चाके लावताना एक छोटे गणित करावे. व्हर्टस जीटीचा टायर २०५/५५ आर१६ आहे. २०५ मिलिमीटर रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११३ मिलिमीटर ही त्याची उंची. ती वर आणि खाली दोनदा धरून १६ इंचांच्या रिममध्ये मिळवली, की एकूण व्यास ६३२ मिलिमीटर होतो. १७ इंचांसाठी २२५/४५ घेतला तर व्यास ६३४ येतो, म्हणजे जवळपास तेवढाच. स्पीडोमीटर खोटे बोलत नाही. मात्र टायरची भिंत बारा मिलिमीटरने बुटकी होते, आणि खड्ड्यात रिम वाकायला तेवढे पुरते. चाकण एमआयडीसीतले रस्ते पाहता १६ इंच बरे. टायरवर ‘९१ व्ही’ लिहिले असेल तर तो ६१५ किलो भार आणि ताशी २४० किलोमीटर वेगासाठी आहे. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा घेऊ नये. बाजूवरचे चार अंकही वाचावेत : ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणारा टायर कधीकधी तीन वर्षे गोदामात पडलेला असतो.

त्यानंतर ब्रेक. वेग ८० वरून १०० झाला तर वेग पंचवीस टक्के वाढतो, पण थांबवायची ऊर्जा छप्पन्न टक्के. चांगले पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल यांवरचा खर्च फार नाही. खंडाळ्याचा घाट उतरताना पेडल मऊ लागते, ते बहुतेकदा जुन्या ब्रेक ऑइलने ओढलेल्या पाण्यामुळे.

गाडी खाली बसवण्याचा मोह मात्र टाळावा. व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीला १७९ मिलिमीटर आहे. स्प्रिंग बदलून तीस मिलिमीटर काढले आणि चार माणसे बसली, की कुरुळी ते चाकण प्रत्येक गतिरोधकावर पोट घासणार. मूळ स्प्रिंग कापणे तर शुद्ध मूर्खपणा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीतील तपशील वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे. रंग बदलायचा तर आरटीओकडे नोंद करून बदलता येतो. सीएनजी किटही मान्यताप्राप्त असेल तर आरसीवर चढते. गाडीचे इंधन बदलण्याची रीतसर वाट आहे, ताकद वाढवण्याची नाही.

आवाजाचे प्रकरण पोलिसांना सर्वांत आधी सापडते. ध्वनी आणि वायुप्रदूषणासाठी कलम १९०(२) खाली पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने परवाना निलंबन अशी तरतूद आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणारा या कलमात दोन्ही बाजूंनी सापडतो. शिवाय आताच्या बीएस-६ गाड्यांत कन्व्हर्टरनंतरही सेन्सर असतो. तो डॅशबोर्डवर दिवा लावतो, आणि दिवा विझवायला पुन्हा सॉफ्टवेअर बदलावे लागते.

विमा आणि वॉरंटीचे काय?

फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत ईसीयूशी छेडछाड आढळली, की गाडीच्या नोंदीत ‘टीडी-१’ असा शेरा पडतो. मूळ फाइल परत घातली तरी तो पुसला जाईलच असे नाही. त्यानंतर इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी गेल्यात जमा. विम्याचे त्याहून कठीण : न कळवलेला बदल हे स्वत:च्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारण्याचे कारण होऊ शकते. आणि कळवायचे तर बेकायदा बदल कळवणार कसा, हा पेच. अपघातात दुसऱ्याचा जीव गेला, तर पंचनाम्यात गाडीची तपासणी होते, हे १९ मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर पुण्यात कुणाला सांगायला नको. त्यात दोन तरुण अभियंते गेले. गाडी पोर्श टायकान होती, आणि तिची कायमस्वरूपी नोंदणीही झालेली नव्हती.

जुनी ‘जीटी’ घेताना काय पाहावे?

पोलो जीटी टीएसआयला अजून मागणी आहे. विकणारा ‘कंपनी फिटिंग’ म्हणेल. तरी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन संगणकाने तपासून घ्यावी आणि डीएसजीच्या मेकॅट्रॉनिक्सचे काम झाले असल्यास बिल मागावे. थंड गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढावर सरकवून पाहावी. थरथर जाणवली तर क्लचचा खर्च किमतीतून वजा करावा. सायलेन्सर नवा आणि टायर झिजलेले दिसले, तर मालकाने पैसे कशावर घातले ते कळते.

वेगाची हौस भागवायला मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे उपयोगाचा नाही. तेथे कारला १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे, कॅमेरे सरासरी वेगही मोजतात. सार्वजनिक रस्त्यावरची शर्यत कलम १८९ खाली गुन्हा आहे. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाची ड्रॅग शर्यत भरत आली आहे, कोइम्बतूर आणि चेन्नईला ट्रॅक आहेत. तेथे उतरण्याआधी हेल्मेट, गाडीची तपासणी आणि प्रवेश फी लागते. आणि तेथे झालेले नुकसान नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही, हे फॉर्म भरण्याआधी विमा एजंटकडून खात्री करून घ्यावे.