व्हिएतनामहून परतलेले सैनिक आणि हेरॉईन

व्हिएतनाम युद्धाच्या अखेरच्या वर्षांत तिथल्या अमेरिकन सैनिकांना हेरॉईन स्वस्त, जवळजवळ शुद्ध आणि छावणीच्या दाराशी मिळे. बरेच जण ते सिगारेटमधून ओढत. जून १९७१ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जेरोम जॅफी यांना कामाला लावले. नियम साधा ठरला: घरी जाण्याआधी लघवीची तपासणी, अंश सापडला तर आधी तिथेच उपचार, मग विमान.

पुढे समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांच्या चमूने परतलेल्यांच्या मुलाखती घेतल्या. सुमारे २० टक्के सैनिक तिथे व्यसनाधीन झाले होते. त्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ५ टक्के, तीन वर्षांत १२. अनेक तज्ज्ञांना हे खरेच वाटेना.

कारण काय? तलफ जागा, वेळ, सोबती, वास यांना चिकटलेली असते. घरी परतताच ते सगळे एका फटक्यात सुटले. एरवी व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेला माणूस त्याच गल्लीत, त्याच मित्रांत परततो. म्हणूनच घसरलेल्याला ‘मनाने कच्चा’ म्हणणे मला फार अन्यायाचे वाटते.

मात्र हे सैनिक तरुण होते आणि त्यांचे व्यसन थोड्या काळाचे होते. वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्या निवृत्त जवानाला हे गणित तसेच लावू नये. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली तर फिट येऊ शकते, प्रसंगी जीवही जातो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.