शिष्यवृत्ती कुणाला द्यावी?

आमच्या वॉर्डात रात्री एखादी कोरकू आजी दाखल झाली, की दुभाषा म्हणून सफाई कर्मचाऱ्याला हाक मारावी लागते. पोटात कधीपासून दुखतंय, एवढं विचारायलाही. अशा वेळी वाटतं, तिच्याच पाड्यावरची मुलगी डॉक्टर असती तर?

क्युबाने हा विचार प्रत्यक्षात आणला. १९९८मध्ये ‘जॉर्ज’ आणि ‘मिच’ या चक्रीवादळांनी कॅरिबियन बेटे व मध्य अमेरिका झोडपली. क्युबाने डॉक्टरांची पथके पाठवली. पण ती परतल्यावर पुढे काय? म्हणून १९९९मध्ये हवानाजवळ, नौदलाच्या जुन्या अकादमीत लॅटिन अमेरिकन वैद्यकीय विद्यालय सुरू झाले. गरीब घरांतल्या मुलामुलींना शिक्षण, राहणे, जेवण, पुस्तके मोफत. बदल्यात वचन एकच: शिकून आपल्या उपेक्षित वस्तीत काम करायचे. अनेक देशांतले, अगदी अमेरिकेतलेही विद्यार्थी तिथे डॉक्टर झाले. मायदेशी मान्यतेच्या परीक्षा मात्र त्यांना द्याव्या लागल्या.

आपल्याकडे शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सेवेचे बंधपत्र असते. बंधपत्राने वर्ष भरते, गावाची ओढ लागत नाही.

तुम्ही किंवा तुमची संस्था शिष्यवृत्ती देत असाल, तर गुणपत्रिकेबरोबर दोन प्रश्न विचारा: गाव कुठले? परत जाणार का? आणि फीसोबत मेसचा खर्चही द्या. हुशार मुलं अनेकदा तिथेच अडतात.