जुन्या मोटारीचें दुखणें व त्याचें निदान

मनुष्यास ताप आला म्हणजे वैद्य थर्मामीटर लावून पाहतो. पारा चढलेला दिसला म्हणून तो थर्मामीटरवर रागावत नाहीं. तापाचें मूळ कोठें आहे याचा शोध करितो. मोटारीच्या बाबतींत मात्र कित्येक सुज्ञ गृहस्थ याच्या उलट वागतात. चालकासमोरील फळीवर इंजिनाच्या आकृतीचा पिंवळा दिवा लागतो. अमुक एक सेन्सर बिघडल्याचें कोणीतरी सांगतो. तो महागडा भाग बदलला जातो. आणि आठ दिवसांनीं तोच दिवा पुन्हां लागतो. मोटारही पूर्वीप्रमाणेंच अडखळत राहते. असें कां होतें, आणि दोषाचें खरें मूळ कसें शोधावें, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

खारबावच्या वाचकांस हा विषय परका वाटूं नये. वसई-दिवा लोहमार्गानें आपली सोय केली आहे हें खरें; तथापि रात्रीं-अपरात्रीं आजारी माणसास भिवंडीस किंवा वसईस न्यावयाचें झाल्यास चिंचोटी-कामण-अंजूरफाटा या रस्त्याचाच आधार. भिवंडीच्या भोंवतालीं गोदामें वाढल्यापासून या बाजूस मोठमोठ्या मालमोटारींची रहदारी अहोरात्र चालू असते. आडवाटेनें येऊन अशा रस्त्यावर शिरतांना चालकानें पाय दाबावा आणि मोटारीनें क्षणभर दम टाकावा, तर तो एक क्षण प्राणावर बेतण्यासारखा असतो. शिवाय नवी मोटार घेणें सर्वांस साधत नाहीं. ज्या कुटुंबास जुन्या मोटारीवरच भागवावयाचें आहे, त्याचा पैसा चुकीच्या निदानापायीं वायां जाऊं नये, हाही विचार आहेच.

प्रथम अडखळणें म्हणजे काय तें पाहूं. पेट्रोल जळण्यास हवा लागते. एक भाग पेट्रोल पूर्णपणें जळावयास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा याहून फार अधिक झाली, तर मिश्रण पातळ होऊन ठिणगी पडूनही नीट पेट घेत नाहीं. पेट्रोल फार अधिक झालें, तर धूर होतो व इंधन व्यर्थ जातें. चालक एकाएकीं पाय दाबतो तेव्हां हवेचा लोट तत्काळ आंत शिरतो, आणि त्याच क्षणीं पेट्रोलचें प्रमाणही वाढावें लागतें. तें वाढलें नाहीं कीं इंजिन गुदमरतें. यासच आपण गाडी अडखळली किंवा तिनें झटका मारला असें म्हणतों.

पूर्वीच्या मोटारींत हें काम कार्ब्युरेटर करीत असे. वालचंद हिराचंद यांनीं सन १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत तयार झालेली ‘प्रीमियर पद्मिनी’ ही मोटार वडील मंडळींस चांगली आठवत असेल. मुंबईच्या रस्त्यांवरून ही टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. तिच्या कार्ब्युरेटरमध्यें एक छोटासा पंप असे. पाय दाबतांच तो पेट्रोलची एक चूळ आंत सोडी. ती मोटार अडखळूं लागली कीं कारागीर त्या पंपाचा पडदा पाही, प्लग काढून त्यावरील काजळी न्याहाळी, आणि बहुधा कानानेंच निदान करी.

पुढें हवा दूषित होऊं नये म्हणून सरकारी नियम कडक होत गेले. सन २००० च्या सुमारास आपल्या देशांतील मोटारींतून कार्ब्युरेटर हळूहळू नाहींसा झाला, व त्याच्या जागीं पिचकारीप्रमाणें पेट्रोल उडविणारे इंजेक्टर आले. किती पेट्रोल सोडावयाचें याचा निर्णय आतां संगणकाची एक पेटी घेते. तथापि त्या पेटीस डोळे नाहींत, कान नाहींत. तिचीं ज्ञानेंद्रियें म्हणजेच सेन्सर होत.

यांतील मुख्य सेन्सरांची ओळख करून घेऊं. पहिला, आंत येणारी हवा मोजणारा. कांहीं मोटारींत एक तापविलेली बारीक तार हवेच्या मार्गांत ठेविलेली असते. हवा जितकी अधिक वाहते तितकी तार निवते, व ती ऊन राखण्यास लागणाऱ्या विजेवरून हवेचें मान कळतें. दुसऱ्या कांहीं मोटारींत आंतल्या नळीमधील दाब मोजून हवेचा हिशेब करितात. दुसरा सेन्सर चालकानें पाय किती दाबला तें सांगतो. तिसरा इंजिनाभोंवतालच्या पाण्याची उष्णता सांगतो. उष्णता वाढली कीं याचा विद्युत्-रोध कमी होतो. चौथा दट्ट्यांचा मुख्य दांडा या क्षणीं कोठवर फिरला आहे तें सांगतो; याच्या वार्तेवांचून ठिणगी केव्हां पाडावी हेंच पेटीस कळत नाहीं. पांचवा धुराच्या नळींत बसविलेला असून जळून उरलेला प्राणवायु पाहतो. हा सुमारें ३०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापला म्हणजे काम करूं लागतो. धुरांत प्राणवायु फार उरला, म्हणजे मिश्रण पातळ असलें, तर तो ०.१ व्होल्टच्या आसपास दाब दाखवितो. मिश्रण दाट असलें तर ०.९ व्होल्टच्या आसपास.

या सर्वांच्या वार्ता एकमेकींशीं जुळेनाशा झाल्या, कीं पेटी पिंवळा दिवा लावते व आपल्या स्मरणांत एक सांकेतिक अंक नोंदविते. ही सोय अमेरिकेंत सन १९९६ च्या मोटारींपासून सर्वत्र सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज-४ नियमांबरोबर ती सन २०१० पासून पहिल्या स्वरूपांत व सन २०१३ पासून अधिक पूर्ण स्वरूपांत आली. चालकाच्या गुडघ्याजवळ फळीखालीं सोळा टोंकांची एक खोबण असते. तिला वाचक-यंत्र जोडलें म्हणजे तो अंक वाचतां येतो.

येथेंच बहुतेकांची फसगत होते. अंक म्हणजे निकालपत्र अशी लोकांची समजूत असते. वस्तुतः ती एका साक्षीदाराची जबानी असते. उदाहरणार्थ, ‘पी ०१७१’ या अंकाचा अर्थ ‘मिश्रण पातळ आहे’ एवढाच आहे. ही गोष्ट प्राणवायु मोजणाऱ्या सेन्सरनें सांगितली म्हणून पुष्कळदां त्यालाच शिक्षा होते व तो बदलला जातो. नवा सेन्सरही तीच जबानी देतो, कारण ती खरी असते. मिश्रण पातळ कां झालें, हें कोणीं शोधलेलेंच नसतें.

आतां निदानाचा क्रम एका कल्पित उदाहरणानें पाहूं. समजा, तारेच्या साह्यानें हवा मोजणारी एक पंधरा वर्षांची मोटार आहे. दिवा लागला आहे, अंक ‘पी ०१७१’ आहे. उभी असतांना इंजिन थरथरतें, निघतांना अडखळतें, परंतु वेगांत बरें चालतें. प्राणवायूचा सेन्सर एकदां बदलून झाला आहे.

वाचक-यंत्रांत अंकाखेरीज आणखी एक मोलाची माहिती असते. मिश्रण पातळ वाटलें म्हणजे पेटी आपण होऊन पेट्रोल वाढविते, व किती टक्के वाढविलें तें लिहून ठेविते. कारागीर याला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. समजा, मोटार उभी असतांना ही वाढ शेंकडा २५ दिसली, आणि इंजिनाचे फेरे मिनिटास २,५०० केल्यावर ती शेंकडा ६ वर उतरली. यावरून काय समजावें? मोजणीच्या तारेस चुकवून कोठून तरी चोरटी हवा आंत शिरत आहे. इंजिन मंद चालतें तेव्हां एकंदर हवाच थोडी असते, म्हणून चोरट्या हवेचा वांटा मोठा ठरतो; वेगांत हवेचा पूर येतो, त्यांत ती लपून जाते. याच्या उलट, उभ्या मोटारींत वाढ थोडी व चढावर किंवा वेगांत ती फार दिसली असती, तर पेट्रोलचा पंप दुबळा झाला आहे, गाळणी तुंबली आहे, किंवा हवा मोजणारी तार धुळीनें माखली आहे, असा संशय घ्यावा लागला असता. जेथें दाबावरून हवा मोजतात त्या मोटारींत मात्र चोरट्या हवेनें मिश्रण पातळ होण्याऐवजीं बहुधा इंजिन उभ्यानेंच अधिक वेगानें फिरूं लागतें, हाही भेद ध्यानांत ठेवावा.

आपल्या मोटारींत आतां रबरी नळ्या तपासावयाच्या. बारा-पंधरा पावसाळे व उन्हाळे खाल्लेलें रबर वरून धड दिसतें, परंतु वाकवून पाहिलें कीं भेग उघडते. सुसकारा ऐकूं येतो काय तें पाहावें. कारागिराकडे धूर भरून पाहण्याचें साधन असल्यास उत्तम, कारण भेगेंतून धूर बाहेर येतो व दोषाची जागा आपोआप दिसते. धुराची नळी सेन्सरच्या अलीकडे फुटली असल्यासही बाहेरची हवा आंत ओढली जाऊन मिश्रण पातळ असल्याचा खोटा भास होतो; म्हणून तीही पाहावी. समजा, एक नळी चिरलेली आढळली व ती बदलली. वाढ शेंकडा ४ वर आली. दिवा विझला.

तथापि आपली मोटार रात्रीं दिवे व पंखा चालू असतां अजून अडखळतेच! हट्टी दुखण्यांत पुष्कळदां एकाऐवजीं दोन कारणें असतात. पहिलें दूर झालें कीं मगच दुसरें उघडें पडतें. वीज अधिक खर्च होते तेव्हांच दोष दिसतो, यावरून संशय ‘अर्थ’च्या तारेकडे, म्हणजे इंजिन व बॅटरी यांस सांगाड्याशीं जोडणाऱ्या तारेकडे जातो. येथें विद्यार्थ्यांनीं ओहमचा नियम आठवावा. गंजलेल्या जोडाचा रोध अवघा ०.५ ओहम असला आणि त्यांतून २ अँपिअर प्रवाह गेला, तर ०.५ × २ = १ व्होल्ट दाब तेथेंच नाहींसा होतो. ज्या सेन्सरांची सर्व भाषा शून्य ते पांच व्होल्टांत चालते, त्यांच्या जबानींत एका व्होल्टाची चूक म्हणजे केवढा अनर्थ! जोड उघडून, घासून, घट्ट बसविला कीं हें काम जवळजवळ फुकटांत होतें. जोड नुसता डोळ्यांनीं पाहून भागत नाहीं; इंजिन चालू ठेवून व दिवे लावून त्याच्या दोन्ही बाजूंस व्होल्टमीटर लावावा. एकदशांश व्होल्टाहून अधिक फरक दिसला तर जोड संशयित समजावा.

आपल्या भागांत कांहीं कारणें विशेष आढळण्यासारखीं आहेत. पावसाळ्यांत पाण्यानें भरलेल्या खड्ड्यांतून मोटार गेली कीं जोडांत ओल शिरते व हिरवट गंज चढतो. उन्हाळ्यांत धूळ हवेच्या गाळणीवर बसते. भातशेतीच्या शेजारीं उभ्या असलेल्या मोटारींत उंदीर शिरून तारांवरील वेष्टण कुरतडतात. अनेक सेन्सरांस एकाच तारेनें पांच व्होल्ट पुरविलेले असल्यास एक उघडी तार एकाच वेळीं तीन-चार सेन्सरांचे अंक उमटविते. असे पुष्कळ अंक एकदम दिसले, तर सगळे सेन्सर बिघडले असें मानण्यापेक्षां सामाईक तार आधीं तपासणें शहाणपणाचें. सन २०२३ पासून पंपांवर येऊं लागलेलें वीस टक्के इथेनॉलचें पेट्रोलही विचारांत घ्यावें. इथेनॉलमध्यें स्वतःचा प्राणवायु असल्यानें त्यास हवा कमी लागते, आणि जुन्या मोटारीच्या पेटीस पेट्रोल थोडें अधिक सोडावें लागतें.

अंक पुसून टाकण्याची घाई करूं नये. अंक पुसला कीं त्याच्याबरोबर पेटीनें शिकलेल्या दुरुस्त्याही पुसल्या जातात आणि कारागिराचा पुरावा नाहींसा होतो. कित्येक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळल्यावरच दिवा लागतो. म्हणून दिवा विझला याचा अर्थ दोष गेला असा होत नाहीं. घरांत एक वही ठेवावी. मोटार कधीं अडखळली, इंजिन थंड होतें कीं ऊन, पाऊस होता काय, चढ होता काय, टाकींत पेट्रोल किती होतें, हें तींत लिहावें. अशी दोन पानें कारागिराच्या हातीं दिलीं, तर त्याचे दोन दिवस वांचतात. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. तीन भाग एकदम बदलले तर गुण कशानें आला हें कोणासच कळत नाहीं.

दोन सूचना अवश्य पाळाव्या. पिंवळा दिवा स्थिर न राहतां लुकलुकूं लागला, तर न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींत जाऊन तेथील धूर शुद्ध करणारा भाग जळण्याचा संभव असतो. अशा वेळीं वेग कमी करून मोटार शक्य तितक्या लौकर थांबवावी. आणि मुलांनीं ही तपासणी वडील माणसांवांचून करूं नये. ऊन इंजिनाच्या पाण्याचें झांकण उघडणें, फिरत्या पट्ट्याजवळ हात नेणें, बंद खोपटांत इंजिन चालू ठेवणें, हीं तिन्ही घातक आहेत. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड या वायूस वास नाहीं; तो माणसास न कळतां मारतो.

विद्यार्थी मित्रहो, प्रयोगशाळेंत आपण जें व्होल्टमीटर हाताळतों, तेंच साधन अंगणांतील मोटारीसही लागू पडतें. साक्षीदाराची जबानी नीट ऐकावी, ती दुसऱ्या साक्षीदाराशीं ताडून पाहावी, स्वस्त व सोप्या शंका आधीं फेडाव्या, आणि पुरावा मिळाल्यावांचून कोणत्याही भागास दोषी ठरवूं नये. या रीतीनें काम केल्यास घरचा पैसा वांचेल, आणि रात्रीं आजारी माणसास घेऊन निघालेली मोटार अंजूरफाट्याच्या वळणावर दगा देणार नाहीं.