संभाषण इतिहास (कृत्रिम बुद्धिमत्ता)

संभाषण इतिहास म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संवाद साहाय्यकाशी वापरकर्त्याने पूर्वी केलेल्या संभाषणांचा जतन केलेला संग्रह होय. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी यांसारख्या साहाय्यकांत तो बहुधा पडद्याच्या कडेला यादीच्या रूपात दिसतो. त्याचा उपयोग दोन प्रकारे होतो. वापरकर्ता जुने उत्तर पुन्हा मिळवण्यासाठी तो चाळतो, तर काही साहाय्यक नवे उत्तर देताना त्यातील माहिती विचारात घेतात. त्यामुळे या संग्रहाची मांडणी हा सोयीबरोबरच वैयक्तिक माहितीवरील नियंत्रणाचाही प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकी अभियंते व्हॅनिव्हर बुश यांनी १९४५ मधील 'ॲज वी मे थिंक' या लेखात 'मेमेक्स' नावाच्या काल्पनिक यंत्राचे वर्णन केले. त्यात नोंदी वर्णानुक्रमाऐवजी परस्परसंबंधांनुसार जोडण्याची कल्पना होती. २००४ मध्ये सुरू झालेल्या जीमेलने पत्र व त्याची उत्तरे एकत्र दाखवली आणि फोल्डरऐवजी लेबल व शोध यांवर भर दिला. स्टीव्ह व्हिटेकर व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३४५ वापरकर्त्यांच्या ईमेल शोधण्याच्या सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला. फोल्डर करणाऱ्यांना जुने पत्र शोधण्यात अधिक यश मिळत नाही, उलट वेळ अधिक लागतो, असे त्यात आढळले.

कालानुक्रमी यादीच्या मर्यादा

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी खुले झाले. त्यानंतर अशा साहाय्यकांत सर्वांत अलीकडचे संभाषण वर दाखवणारी यादी रूढ झाली. यादीतील शीर्षक सहसा प्रारंभीच्या प्रश्नावरून आपोआप तयार होते. आयकर विवरणपत्रापासून सुरू झालेले संभाषण पुढे भाडेकराराकडे वळले, तरी त्याचे नाव पहिल्याच विषयाचे राहते. पुस्तकाप्रमाणे संभाषणाचा विषय आधी ठरलेला नसतो, हे या अडचणीचे मूळ आहे.

मांडणीच्या पद्धती

शोध : शब्दशोधात टंकलेला शब्द जसाच्या तसा जुळावा लागतो. अर्थाधारित शोधात मजकुराचे संख्यात्मक सदिशांत रूपांतर करून अर्थाने जवळचे उतारे निवडले जातात. त्यामुळे नेमके शब्द आठवत नसले तरी मजकूर सापडू शकतो. संपूर्ण संभाषणाऐवजी नेमका उतारा दाखवणे दीर्घ संभाषणांत अधिक उपयुक्त ठरते.

प्रकल्प : एका कामाशी संबंधित संभाषणे, फाइली व सूचना एकत्र ठेवण्याची ही सोय क्लॉडमध्ये जून २०२४ मध्ये, तर चॅटजीपीटीमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये आली. वर्गवारीचे श्रम मात्र वापरकर्त्यालाच करावे लागतात. दोन विषयांत बसणाऱ्या संभाषणासाठी एकाच वेळी अनेक लेबले देता येणारी रचना अधिक लवचिक असते.

शाखा : जुना प्रश्न बदलून पुन्हा विचारल्यास संभाषणाला फाटा फुटतो. त्याची खरी रचना वृक्षासारखी असते, परंतु पडद्यावर एका वेळी एकच शाखा दिसते आणि बाकीच्या सहज विस्मरणात जातात.

स्मृती : ओपनएआयने फेब्रुवारी २०२४ मध्ये चॅटजीपीटीत निवडक तपशील लक्षात ठेवण्याच्या सोयीची चाचणी सुरू केली. एप्रिल २०२५ पासून पूर्वीच्या संभाषणांचाही आधार घेतला जाऊ लागला. यात कालबाह्य तपशील नव्या उत्तरात येण्याचा धोका असतो. शिवाय चॅटजीपीटीत संभाषण पुसल्याने त्यातून जतन झालेली स्मृती आपोआप पुसली जात नाही. ती स्वतंत्रपणे काढावी लागते. म्हणून प्रत्येक स्मृती कोणत्या संभाषणातून आली, हे दिसणे मांडणीच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

मराठी मजकुराचा शोध

मराठीत विभक्तिप्रत्यय लागताना शब्दाचे सामान्यरूप होते. 'विहीर' या शब्दाच्या शब्दशः शोधात 'विहिरीत' किंवा 'विहिरीचे' सापडत नाही, कारण मूळ शब्दातील स्वरच बदललेला असतो. 'दुसऱ्या' सारख्या शब्दातील अर्धा र संगणकात दोन भिन्न वर्णक्रमांनी साठवला जाऊ शकतो. पडद्यावर सारखे दिसणारे हे शब्द संगणकाला वेगळे वाटतात. रोमन लिपीत टंकलेल्या मराठीमुळे आणखी भर पडते. शोधापूर्वी वर्णक्रमांचे प्रमाणीकरण करणे आणि शब्दांची मूळ रूपे ओळखणे हे यावरील उपाय आहेत.

गोपनीयता

२० मार्च २०२३ रोजी एका सॉफ्टवेअर दोषामुळे काही वापरकर्त्यांना इतरांच्या चॅटजीपीटी संभाषणांची शीर्षके दिसली आणि सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. केवळ शीर्षकांतूनही खासगी माहिती उघड होऊ शकते, हे यातून स्पष्ट झाले. एप्रिल २०२३ मध्ये इतिहास बंद ठेवण्याचा पर्याय देण्यात आला. तरीही अशी संभाषणे गैरवापराच्या तपासणीसाठी ३० दिवस राखली जात.

यादीतून नाहीशी झालेली नोंद सर्व्हरवरूनही नाहीशी होतेच असे नाही. 'द न्यू यॉर्क टाइम्स'च्या स्वामित्वहक्क दाव्यात मे २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ओपनएआयला एरवी पुसल्या गेल्या असत्या अशा नोंदीही राखण्याचा आदेश दिला. नव्या नोंदी याप्रमाणे राखण्याचे बंधन सप्टेंबर २०२५ मध्ये संपले. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याच्या अधिकाराची तरतूद आहे. लपवणे, संग्रहात टाकणे आणि कायमचे पुसणे या तीन क्रिया वापरकर्त्याला स्पष्टपणे वेगळ्या दाखवणे, ही त्यामुळे चांगल्या मांडणीची एक कसोटी मानता येते.