लॅपटॉपची शीळ

रात्री साडेअकरानंतर कर्वे रस्त्यावरची वाहतूक विरळ होते, घरातले झोपी जातात, आणि नव्याकोऱ्या लॅपटॉपमधून एक बारीक, टोकदार आवाज कानात शिरू लागतो. स्क्रीनवरचं पान वर सरकवलं की त्याचा सूर बदलतो, बोट थांबलं की तोही थांबतो. चार्जर काढला की कधी कमी होतो, तर कधी वाढतो. पंखा फिरत नसतो, स्पीकर बंद असतो, आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्कही नसते. मग ज्या यंत्रात काही हलतच नाही, त्यातून आवाज येतो कुठून?

पुण्यातले कॉम्प्युटर दुरुस्त करणारे याला ‘कॉइल व्हाइन’ म्हणतात. त्याचा माग काढायला लागलं की पहिला धक्का बसतो तो हा, की आत काही हलत नाही ही आपली समजूतच खोटी आहे. मदरबोर्डवरचे शेकडो घट्ट, निर्जीव दिसणारे तुकडे सतत आकुंचन-प्रसरण पावत असतात. वीज त्यांचा आकार बदलत असते, आणि आपण तो बदल ऐकत असतो.

गिझरपेक्षा जास्त करंट

भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. चार्जर त्यांचे १९-२० व्होल्ट करतो. प्रोसेसरला मात्र जेमतेम एक व्होल्ट हवा असतो, आणि त्या एका व्होल्टवर करंट भरपूर लागतो. ३० वॅट खर्च करणारा प्रोसेसर एक व्होल्टवर चालत असेल, तर त्यातून ३० अँपिअर वाहतात. न्हाणीघरातला २००० वॅटचा गिझर साधारण ९ अँपिअर घेतो. नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीला गिझरच्या तिप्पट करंट! शिवाय तो एका क्षणी पूर्ण लागतो आणि पुढच्याच क्षणी जवळजवळ शून्यावर येतो.

वीस व्होल्टचा एक व्होल्ट करायचा कसा? उरलेले एकोणीस व्होल्ट उष्णतेत घालवले तर लॅपटॉप जळून जाईल. म्हणून वीज तोडून तोडून दिली जाते. एक इलेक्ट्रॉनिक स्विच दर सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतो आणि दर वेळी विजेचा छोटासा घास पुढे सोडतो. पुढे कॉइल आणि कपॅसिटर उभे असतात. कॉइल ऊर्जा चुंबकक्षेत्रात साठवते, कपॅसिटर ती विद्युतभाराच्या रूपात साठवतो, आणि दोघं मिळून या तुकड्यांची सलग, सपाट धार करतात. ही सगळी उलाढाल इतकी काटकसरीने होते की बहुतेक ऊर्जा इच्छित ठिकाणी पोहोचते आणि फार थोडी वाया जाते. आपल्याला ऐकू येणारी शीळ त्या थोड्या वायापैकीही अगदी नगण्य भाग असते.

वीज लागली की वस्तू आकार बदलते

इंग्लंडमधल्या जेम्स जूलला १८४२ साली दिसलं की लोखंडाची सळई चुंबकित केली की तिची लांबी किंचित बदलते. बदल इतका सूक्ष्म, की मीटरभर सळईत तो फार तर काही मायक्रॉन भरतो. गल्लीच्या कोपऱ्यावरचा महावितरणचा ट्रान्सफॉर्मर घुमतो त्याचं मुख्य कारण हेच. आपली वीज ५० हर्ट्झची. तिच्या प्रत्येक आवर्तनात ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा दोनदा चुंबकित होतो, दोनदा ताणला जातो, म्हणून त्याचा मूळ सूर १०० हर्ट्झचा. लॅपटॉपच्या कॉइलमध्येही असाच चुंबकीय गाभा असतो, फक्त तो तुरीच्या डाळीएवढा. त्यातून करंट गेला की गाभा ताणला जातो आणि गुंडाळलेल्या तारेचे वेढेही एकमेकांना ओढतात.

कपॅसिटरची गोष्ट याहून विलक्षण आहे. १८८० साली पॅरिसमध्ये जाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवलं की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार निर्माण होतो. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमनने निव्वळ गणितावरून सांगितलं की उलटंही घडायला हवं, म्हणजे वीज दिली की स्फटिकाचा आकार बदलायला हवा. क्युरी बंधूंनी प्रयोग केला आणि ते खरं निघालं. या शोधाचा पहिला अर्धा भाग आपल्या स्वयंपाकघरात रोज वापरला जातो. गॅसच्या लायटरचा खटका दाबला की आतल्या सिरॅमिकच्या तुकड्यावर आघात होतो, हजारो व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी पडते. दुसरा अर्धा भाग लॅपटॉपमध्ये शीळ घालतो.

मदरबोर्डवर तिळाएवढे, तपकिरी रंगाचे शेकडो कपॅसिटर असतात. त्यांच्या पोटात बेरियम टायटनेट नावाच्या सिरॅमिकचे आणि धातूचे शेकडो पातळ थर एकावर एक रचलेले असतात. बेरियम टायटनेटच्या स्फटिकात टायटॅनियमचा अणू आपल्या पिंजऱ्याच्या बरोबर मध्यावर बसत नाही, अणूच्या आकाराच्या छोट्याशा अंशाने बाजूला सरकलेला असतो. या सरकण्यामुळेच हा पदार्थ इवल्याशा जागेत एवढा विद्युतभार सामावून घेतो. आणि त्याच सरकण्यामुळे व्होल्टेज बदललं की अख्खा कपॅसिटर अंग आखडतो आणि सैल सोडतो. गुण आणि खोड एकाच अणूच्या एकाच सवयीतून आलेले आहेत. म्हणून ही खोड पूर्ण काढून टाकणं इंजिनिअरांना इतकं जड जातं.

तिळाएवढा कपॅसिटर हवेला हलवून हलवणार किती? पण तो एकटा नसतो. तो मदरबोर्डला डाखाने पक्का जोडलेला असतो, आणि त्याच्या आकसण्याने बोर्ड कणभर वाकतो. तानपुऱ्याची तार एकटी छेडली तर जेमतेम ऐकू येते. मिरजेच्या कारागिराने तिच्या खाली भोपळा आणि तबली दिली की तीच तार सभागृह भरते. इथे मदरबोर्ड आणि लॅपटॉपची पातळ बॉडी ते काम करतात.

लाखांचा सूर हजारांवर कसा येतो

एक कोडं उरतंच. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. स्विच तर सेकंदाला काही लाख वेळा उघडझाप करतो. तो आवाज वटवाघळालाही ऐकू येणार नाही, मग आपल्याला कसा येतो?

उत्तर आहे आळसात आणि घाईत. लॅपटॉप रिकामा असला की बॅटरी वाचवण्यासाठी स्विच सलग काम करत नाही. थोडे घास सोडतो, थांबतो, पुन्हा सोडतो. एकेका घासाचा वेग लाखांत असला, तरी या घोळक्यांची ये-जा सेकंदाला काही हजार वेळा होते, आणि ती कानाच्या टप्प्यात पडते. प्रोसेसरही सेकंदाला हजारो वेळा डुलकी घेतो आणि जागा होतो. पान सरकवताना सूर बदलतो तो याच झोप-जागेच्या तालामुळे. गेमच्या पहिल्या साध्या पडद्यावर तर ग्राफिक्स चिपला काम एवढं सोपं असतं की ती सेकंदाला हजार-दोन हजार चित्रं काढत सुटते. प्रत्येक चित्राला करंटचा एक झटका लागतो. हजार चित्रं म्हणजे हजार झटके, म्हणजेच हजार हर्ट्झचा स्पष्ट सूर.

कानाची करामत

बोर्डाचं वाकणं नॅनोमीटरच्या हिशेबात मोजावं लागतं. ते ऐकू येतं यात बोर्डापेक्षा मोठं आश्चर्य आपल्या कानाचं आहे. निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात पडद्याची हालचाल हायड्रोजनच्या अणूच्या व्यासापेक्षाही कमी असते. त्यातही दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास कान सगळ्यांत तिखट असतो, आणि शीळ बरेचदा तिथेच किंवा त्याच्या वर पडते.

मग एकाच खोलीत मुलीला आवाज येतो आणि आजोबांना येत नाही, असं का? आतल्या कानातल्या शंखात प्रत्येकाला जन्मतः सुमारे १५ हजार केसपेशी मिळतात. उंच सूर टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी असतात, त्या आधी झिजतात आणि पुन्हा उगवत नाहीत. म्हणून वयाबरोबर उंच सूर एकेक करून विझत जातात.

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या काळात हे घराघरांत घडत होतं. सिंहगडाच्या मनोऱ्यावरून मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम पुण्यात येत, आणि आवाज पूर्ण बंद केला तरी शेजारच्या खोलीतल्या मुलांना टीव्ही चालू असल्याचं कळत असे. आपल्याकडच्या पद्धतीत चित्राच्या ६२५ ओळी सेकंदाला २५ वेळा रेखल्या जात. ६२५ गुणिले २५ म्हणजे १५,६२५ हर्ट्झ. टीव्हीतला ट्रान्सफॉर्मर त्याच सुरात शीळ घालत असे. मुलांना तो सूर ऐकू येई, बहुतेक मोठ्यांना नाही.

आज शीळ जास्त जाणवते, कारण तिला झाकणारे आवाज गेले. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क घुमत असे, पंखे कायम फिरत असत. आता मशीन शांत झालं, आणि मागे उरला तो विजेचा स्वतःचा आवाज.

खोडदचे कान

हाच स्विच आणखी एका कानाला छळतो, आणि तो कान पुण्यापासून उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. स्विच काही अब्जांश सेकंदांत उघडला-मिटला की त्या तीव्र कडेतून शेकडो मेगाहर्ट्झपर्यंतच्या रेडिओ लहरी बाहेर पडतात, आणि दूरच्या दीर्घिकांचे कमालीचे क्षीण संदेशही याच पट्ट्यात येतात. म्हणून दुर्बिणीसाठी रेडिओ गोंगाट कमी असलेली जागा निवडली गेली, पाहुण्यांना मोबाइल बंद करायला सांगतात, आणि तिथली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा धातूच्या आवरणात बंद ठेवावी लागते. आपल्या मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये शीळ घालणारी उघडझाप अब्जावधी वर्षं प्रवास करून आलेला संदेश बुडवू शकते.

आता करायचं काय

आधी आवाज ओळखावा. पंख्याचा आवाज हळूहळू चढतो-उतरतो आणि गरम हवेबरोबर येतो; शीळ मात्र माउस हलवताक्षणी बदलते. चार्जर काढून ऐकावं, मग चार्जरजवळ कान न्यावा. शीळ चार्जरमधून असेल तर चार्जर बदलून प्रश्न मिटतो. ती फक्त हेडफोनमध्येच येत असेल, तर दुखणं वेगळं आहे, तिथे जोडणीतून गोंगाट शिरतोय.

गेममध्ये सेकंदाला किती चित्रं काढायची त्यावर ६० किंवा १२० ची मर्यादा घातली, की तिथली शीळ बहुतेक वेळा बसते. पॉवर सेटिंग बदलून पाहावं. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये प्रोसेसरची गाढ झोप बंद करता येते. आवाज कमी होतो, पण बॅटरी लवकर संपते आणि मशीन जास्त तापतं. आतल्या कॉइलवर गोंद ओतायचे उपाय सांगितले जातात. वॉरंटीतल्या मशीनवर ते मुळीच करू नयेत. या शिळेने लॅपटॉपचं आयुष्य सहसा घटत नाही. मात्र जळका वास, तडतड किंवा अचानक बंद पडणं सोबत असेल, तर ते वेगळं लक्षण आहे आणि मशीन तातडीने दाखवावं.

एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत शिळेचा फरक मोठा असू शकतो, कारण कॉइलचा बारका सैलपणाही पुरतो. म्हणून परत करायची मुदत संपायच्या आत बदलून मागणं अगदी रास्त आहे. जाताना पुरावा न्यावा. शांत खोलीत मोबाइल लॅपटॉपशेजारी ठेवून आवाज रेकॉर्ड करावा आणि ध्वनीचा आलेख काढणाऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये पाहावा. शीळ तिथे एकाच जागी उभ्या सुळक्यासारखी दिसते. काउंटरपलीकडचा पन्नाशीतला माणूस ‘मला काहीच ऐकू येत नाही’ म्हणाला तर तो बहुधा खरंच सांगतोय, आणि ग्राहकही खरंच सांगतोय. तो सुळका दोघांच्याही डोळ्यांना सारखाच दिसतो. घरातलं मूल अशी तक्रार करू लागलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा: ते जे ऐकतंय ते खरोखर घडतंय, आणि ते टिपणारा त्याचा कान जपायला हवा.