गारठ्यात कसाला लागणारी शिस्त

फिनलंडची लोकसंख्या जेमतेम छप्पन्न लाख आणि परवान्यावर नोंदलेल्या बंदुका सुमारे पंधरा लाख. रशियाला लागून १,३४० किलोमीटरची सीमा, पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा आणि शिकारीची जुनी परंपरा, यांमुळे तिथे नेमबाजी हा मूठभरांचा छंद राहिलेला नाही. या शतकाच्या सुरुवातीला देशात दोनेक हजार रेंज होत्या. त्या घटत घटत सातशेच्या आत आल्या, तेव्हा २०२४ मध्ये सरकारने दशकअखेरपर्यंत तीनशेहून अधिक नव्या रेंज उघडायचा बेत जाहीर केला. सुट्टीच्या दिवशी राखीव सैनिक, शिकारी आणि खेळाडू अशा रेंजवर गटाने जमतात. वर्षातले कित्येक महिने हा सराव बर्फात, अपुऱ्या उजेडात आणि शून्याखालच्या तापमानात चालतो. बंदूक सुरक्षित राहते ती चालवणाऱ्याच्या कौशल्यामुळे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. हिवाळ्यातली रेंज नीट पाहिली तर तो समज टिकत नाही. तिथली सुरक्षितता गटाच्या रीतीभातींवर उभी असते, आणि थंडी त्या रीतींना कसाला लावते.

या रीतींच्या मुळाशी चार नियम आहेत. अमेरिकन मरीन अधिकारी जेफ कूपर यांनी ते आज प्रचलित असलेल्या रूपात रुजवले. १९७६ मध्ये ॲरिझोनात त्यांनी काढलेल्या प्रशिक्षण संस्थेतून ते जगभर गेले. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. जे उद्ध्वस्त करायचं नाही त्याच्याकडे नळी कधीही वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर ठेवायचं नाही. आणि टार्गेट कोणतं, त्याच्या मागे काय आहे, याची खात्री असल्याशिवाय गोळी झाडायची नाही. या नियमांचं खरं बळ त्यांच्या एकमेकांवरच्या आच्छादनात आहे. बंदूक रिकामी समजून कुणी ट्रिगर ओढला, तरी नळी टार्गेटमागच्या मातीच्या बांधाकडे असेल तर एक दचकवणारा आवाज होतो आणि गोळी मातीत रुतते. माणूस जखमी व्हायचा तर सहसा दोन नियम एकाच वेळी मोडावे लागतात. म्हणजे माणूस चुकणारच, हे या पद्धतीने आधीच मान्य केलेलं आहे. शेवटचा नियम नवख्यांना अतिरेकी वाटतो, पण पॉइंट टू टूच्या लहानशा काडतुसाची गोळीसुद्धा मोकळ्यात एक किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. भारतात २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती करून लग्नकार्यातल्या हर्षगोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठरवावी लागली, तीही याच कारणाने. आकाशात झाडलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

एकट्या माणसाला हे चार नियम पुरतील. पंधरा-वीस जण एका ओळीत उभे राहिले की आणखी काही लागतं. एक रेंज ऑफिसर असतो आणि गोळीबार फक्त त्याच्या हुकमाने सुरू होतो. टार्गेट पाहायला पुढे जायचं असेल तेव्हा सगळे मॅगझिन काढतात, बोल्ट उघडा ठेवतात आणि चेंबरमध्ये भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग घालतात. रायफल रिकामी आहे हे दहा पावलांवरून दिसावं, यासाठी तो असतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही तो सक्तीचा आहे, त्यामुळे बालेवाडीत सराव करणाऱ्या आपल्या मुलामुलींना त्याची चांगली ओळख असते. पुढे माणसं असताना मागे राहिलेल्याने बंदुकीला हातही लावायचा नाही, दुर्बिणीची काच पुसायला नाही आणि ती सारखी करायलाही नाही. माझ्या मते या सगळ्यात मोलाचा नियम वेगळाच आहे. गोळीबार सुरू करायचा अधिकार एकट्या रेंज ऑफिसरचा, पण ‘थांबा’ ओरडायचा अधिकार प्रत्येकाचा. पहिल्यांदा आलेल्या मुलीला बांधावर कुणी चढताना दिसलं आणि ती ओरडली, तर तीस वर्षं रायफल चालवलेला माणूसही त्याच क्षणी बोट बाहेर घेतो. ती ओरडली ते बरोबर होतं की नाही, हे नंतर पाहायचं. ज्या गटात अशा ओरडण्याला कुणी हसतं, तिथे पुढच्या वेळी कुणी ओरडत नाही, आणि तो गट धोकादायक होतो.

जुन्या-जाणत्यांचा यावर एक आक्षेप असतो. नवख्यांना हे ठीक, पण ज्यांनी सैन्यात वर्षं काढली त्यांनी दर वेळी बोल्ट उघडून शेजाऱ्याला का दाखवायचा? आक्षेप समजण्यासारखा आहे, पण तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. अनुभवाने नेम सुधारतो, हात स्थिर होतो; लक्ष मात्र अनुभवानेच सैल पडतं. हजार वेळा रिकामी निघालेली रायफल हजार एकाव्या वेळीही रिकामीच असणार, असं मन गृहीत धरायला लागतं. शेजाऱ्याला चेंबर दाखवण्यात अविश्वास नाही. पाहणारी नजर दुसऱ्याची असली की सवयीने आलेला आंधळेपणा तिला नसतो, एवढंच.

आता थंडी. हाताच्या त्वचेचं तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेलं की बोटांची चपळाई कमी होते. ८ अंशांच्या आसपास स्पर्शच बधिर होतो. तिसरा नियम, म्हणजे बोट ट्रिगरबाहेर ठेवण्याचा, एरवी स्पर्शाच्या भरवशावर पाळला जातो. बोट रायफलच्या कडेला टेकलंय हे जाणवतं म्हणून पाहावं लागत नाही. बधिर बोटाला ते कळत नाही. हातमोजा घातला तर जाड कापड ट्रिगरच्या कड्यात अडकतं आणि बोट आत शिरल्याचं उशिरा लक्षात येतं. म्हणून हिवाळ्यात जे एरवी जाणवतं ते डोळ्यांनी पाहायची नवी सवय लावून घ्यावी लागते. कानांचीही तीच गत. लोकरी टोपीवर इयरमफ चढवला की तो कानाला नीट बसत नाही आणि फटीतून स्फोटाचा आवाज आत शिरतो. टोपी, इयरमफ आणि वर जाकिटाची टोपी असा थर चढवला तर रेंज ऑफिसरचा हुकूम ऐकू येत नाही. अशा दिवशी हुकूम हाताच्या खुणेने आणि मोठ्याने, दोन्ही प्रकारे द्यावा लागतो आणि ओळीतल्या प्रत्येकाने हात वर करून तो पोचल्याचं दाखवावं लागतं. गोठलेली जमीन हा आणखी वेगळा धोका. एरवी मऊ मातीत रुतणारी गोळी कडक बर्फावर किंवा दगडासारख्या झालेल्या बांधावर तिरकी लागली तर उसळू शकते. कालपर्यंत सुरक्षित असलेला कोन आज तसाच असेल असं नाही, म्हणून सरावाआधी बांध चालून पाहणं भाग असतं.

बंदुकीलाही थंडी बाधते. नेहमीचं तेल घट्ट होतं, फायरिंग पिन जोराने आदळत नाही आणि ट्रिगर ओढल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येतो. इथे अधीर माणूस लगेच बोल्ट मागे खेचतो. बार उशिरा उडण्याची शक्यता असते, म्हणून नळी टार्गेटकडेच धरून किमान अर्धा मिनिट थांबायचं असतं. उणे पंधरा अंशांत, हात ठणकत असताना तो अर्धा मिनिट फार लांब वाटतो, आणि सवय पक्की आहे की नाही ते तिथेच कळतं. शिवाय थंडीत बार मंद जळतो, गोळीचा वेग घटतो आणि लांब पल्ल्यावर ती खाली लागते. सराव संपल्यावर रायफल थेट उबदार खोलीत नेली तर तिच्यावर दव धरतं, आणि तीच ओली रायफल परत बाहेर काढली तर आतलं पाणी गोठून यंत्रणा अडते. म्हणून ती बंद पेटीत ठेवून हळूहळू उबेला येऊ देतात किंवा कुलपात, थंड जागीच ठेवतात. या सगळ्यात एक गोष्ट हमखास राहून जाते. काडतुसातल्या शिशाची पूड हाताला लागलेली असते, आणि गार पाण्यात हात घालायचा कंटाळा करून लोक तसेच शेकोटीवरच्या सॉसेजला हात घालतात. गटाने कोमट पाण्याचा कॅन आणि साबण आणला तर हा प्रश्न सुटतो. तो आणायची आठवण ठेवणारा माणूस मात्र नेमावा लागतो.

इतके धोके आहेत, तर हा सराव उन्हाळ्यात किंवा बंदिस्त जागेत का करू नये, हा प्रश्न रास्त आहे. नुसता छंद म्हणून कागदी टार्गेटवर गोळ्या झाडणाऱ्याने खुशाल तसं करावं. पण हरणाची शिकार शरद-हिवाळ्यात होते आणि राखीव सैनिकाला ऋतू निवडता येत नाही. ज्याने हातमोजा घालून मॅगझिन बदलायचा सराव कधीच केला नाही, तो पहिल्यांदा ते करेल तेव्हा शेजारी रेंज ऑफिसर नसेल. बायथलॉन या खेळाने तर गारठ्यातली शिस्तच नियमांत बांधली आहे. १९६० पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या या खेळात स्कीवरून धापा टाकत आलेला खेळाडू ५० मीटरवरचं टार्गेट टिपतो. झोपून झाडताना ते अवघं ४५ मिलिमीटरचं असतं. रायफल नळी वर करून पाठीवर असते आणि ठरलेल्या जागी पोचून दोन्ही काठ्या खाली ठेवल्याशिवाय ती पाठीवरून काढता येत नाही. तापमान उणे २० च्या खाली असेल तर शर्यत सुरूच करत नाहीत.

याहून गंभीर आक्षेप असा, की रेंजवरच्या अशा मेळाव्यांनी शस्त्रांचं आकर्षण वाढतं. फिनलंडला हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. २००७ मध्ये योकेला आणि २००८ मध्ये कौहायोकी इथल्या शिक्षणसंस्थांत तरुणांनी गोळीबार केला, आणि दोघांकडेही परवाना असलेली पिस्तुलं होती. त्यानंतर २०११ मध्ये कायदा कडक झाला. पिस्तुलासाठी किमान वय २० वर्षं, आणि दोन वर्षं नियमित सराव केल्याचं मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र. या तरतुदीने आक्षेप पुरता मिटत नाही, मिटावा अशी अपेक्षाही नाही. पण त्यातला विचार मला पटतो. घरी एकट्याने बंदूक हाताळणाऱ्या माणसाला कुणीच पाहत नाही. दोन हिवाळे गटात उभा राहिलेला माणूस कसा चिडतो, हुकूम ऐकतो की नाही, शेजाऱ्याने टोकल्यावर काय करतो, हे प्रशिक्षकाला दिसतं.

म्हणूनच हिवाळ्यातल्या सरावाची आखणी प्रशिक्षकाने आदल्या दिवशी, उबेत बसून करायला हवी. नवख्यांना आधी हातमोजे घालून रिकाम्या रायफलवर सगळ्या हालचाली कराव्या लागाव्यात, मग थोड्या गोळ्या द्याव्यात आणि पाळ्या लहान ठेवाव्यात. किती तापमानाला थांबायचं तो आकडाही तेव्हाच लिहून ठेवावा. रेंजवर पोचल्यावर इतक्या लांबून आलोय, उरलेली काडतुसं संपवूनच जाऊ, असं सगळ्यांनाच वाटतं. त्या वेळी कुडकुडणाऱ्या माणसांकडून नव्याने निर्णय घेण्याची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.