सोनं सगळ्यात शेवटी लागतं!



किन्त्सुगीबद्दल तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेलच. फुटलेलं मातीचं भांडं सोन्याची रेघ दाखवत जोडायची जपानी कला. 'किन' म्हणजे सोनं, 'त्सुगी' म्हणजे सांधणं. भांडं फुटलं, हाही त्याच्या आयुष्याचाच भाग आहे, मग लपवायचं कशाला, असा त्यामागचा विचार.

विचार छानच आहे. पण आता मला सांगा, ते तुकडे चिकटतात कशाने? सोन्याने? अजिबात नाही! चिकटवण्याचं काम करते 'उरुशी', म्हणजे एका झाडाचा चीक.

काम कसं चालतं?

१. जोडणी: उरुशीत गव्हाचं पीठ कालवून तुकडे जोडतात आणि भांडं उबदार, दमट कपाटात ठेवतात. उरुशी घट्ट व्हायला हवेत ओलावा लागतो. यात आठवडे जातात. शिवाय कच्च्या उरुशीने अंगावर पुरळ उठू शकतं, म्हणजे काम सुखाचं नाही.

२. भराव: टवके उडालेल्या जागी उरुशी आणि बारीक मातीची पूड भरतात, घासून सपाट करतात.

३. सोनं: शेवटी सांध्यावर उरुशीची पातळ रेघ ओढतात आणि ती ओलसर असतानाच वरून सोन्याची पूड भुरभुरवतात.

सगळं मिळून काही महिने सहज जातात. आणि भांडं धरून ठेवते ती उरुशीच!

आता आपल्या धंद्यात बघू.

समजा, तुमचं केटरिंग आहे. साखरपुड्याचं जेवण दीड तास उशिरा पोहोचलं, पाहुणे ताटकळले. दुसऱ्या दिवशी आपण काय करतो? मिठाईचा बॉक्स पाठवतो, 'पुढच्या ऑर्डरवर २० टक्के सूट' म्हणतो. हे झालं सोनं. उरुशी कुठाय?

आधी त्यांच्या घरी जा. मध्ये न बोलता सगळं ऐकून घ्या. त्रास होईल, होऊ द्या. मग उशीर का झाला ते शोधा. टेम्पो एकच होता? एका दिवशी दोन मोठ्या ऑर्डरी घेतल्या होत्या? ते कारण मुळातून काढा. पुढची चार-पाच कामं वेळेवर करून दाखवा. ही तुमची थांबायची वेळ, इथे घाई नको.

त्यानंतर नवीन ग्राहकाला बिनधास्त सांगा, "एकदा आमच्याकडून उशीर झाला होता. तेव्हापासून आम्ही दिवसाला एकच मोठी ऑर्डर घेतो." ही खरी सोन्याची रेघ. समोरच्याला कळतं की हा माणूस चूक झाली तर पळून जात नाही.

आजचा गृहपाठ: गेल्या वर्षभरात तुटलेल्या तीन ग्राहकांची नावं वहीत लिहा. प्रत्येकापुढे दोन रकाने करा: 'सोनं काय लावलं?' आणि 'उरुशी काय लावली?' दुसरा रकाना रिकामा दिसला, तर त्या ग्राहकाला आजच फोन करा. ऑर्डर मागायला नाही, ऐकून घ्यायला.

भेटू पुढच्या व्हिडिओत!